प्रबंधाकडून मुक्तकाकडे : ‘जँगो’च्या चाचणीसंचाचा इतिहास

संगणकाच्या आज्ञावलींचा इतिहास लिहिताना वाङ्मयप्रकाराचा प्रश्न उपस्थित होईल, अशी अपेक्षा सहसा कोणी करीत नाही. ‘जँगो’ या वेब फ्रेमवर्कच्या बाबतीत मात्र तो उपस्थित झाला, आणि तोही कामाच्या रेट्यात. या प्रकल्पात एक लेखन असे आहे की जे कोणी सलग वाचीत नाही. पण प्रकल्पात कोणताही बदल करू पाहणाऱ्याला ते यंत्राकडून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत पडताळून घ्यावे लागते. हे लेखन म्हणजे जँगोचा चाचणीसंच. त्याचा मोठा भाग आरंभी गोष्टीसारखा लिहिलेला होता. २०१० च्या सुमारास तो मोडून सुट्या, एकमेकांवर न विसंबणाऱ्या तुकड्यांत पुन्हा लिहिला गेला. परस्परांना न ओळखणाऱ्या स्वयंसेवकांनी एकत्र काम कसे करावे, याचे एक उत्तर या रूपांतरात आहे असे आम्हांस वाटते. आणि त्या उत्तरासाठी काय गमवावे लागले तेही त्यातच दिसते.

वेब फ्रेमवर्क म्हणजे काय, हे आधी थोडक्यात सांगितले पाहिजे. संकेतस्थळ उभारणाऱ्याला काही कामे पुन्हा पुन्हा करावी लागतात : डेटाबेसातून नोंदी काढणे, त्या पानाच्या साच्यात बसवणे, वाचकाने भरलेला अर्ज तपासणे, परवलीचे शब्द सांभाळणे. ही कामे एकदाच नीट करून, इतरांना वापरता येतील अशी बांधून ठेवलेली आज्ञावली म्हणजे फ्रेमवर्क. जँगो पायथन भाषेत लिहिलेले आहे. त्याचे नाव गिटारवादक जँगो राइनहार्ट यांच्यावरून पडले. रोमन लिपीतल्या नावात आरंभी ‘डी’ लिहिला जातो, पण तो उच्चारायचा नसतो.

त्याचा जन्म वृत्तपत्राच्या कचेरीतला. अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स या गावी ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’ नावाचे दैनिक निघते. त्याच्या आंतरजाल विभागात २००३ साली एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन यांनी या कामाला आरंभ केला. पुढे जेकब कॅप्लन-मॉस त्यांना येऊन मिळाले. बातमी आज सकाळी हाती आली तर तिच्यासाठीचे पान दुपारपर्यंत उभे राहिले पाहिजे, ही त्या कचेरीची गरज होती. वृत्तपत्राची ती घाई जँगोच्या अंगात मुरलेली आहे. त्याच्या उदाहरणांतही वार्ताहर, लेख, मथळा आणि प्रकाशनाची तारीख हीच पात्रे वारंवार भेटतात. जुलै २००५ मध्ये ही आज्ञावली बीएसडी परवान्याखाली सर्वांसाठी खुली करण्यात आली, आणि चाचण्यांच्या प्रश्नाने तेव्हाच निराळे रूप घेतले.

शेजारच्या मेजांवर बसणाऱ्या दोघा-तिघांना एकमेकांच्या हाताची ओळख असते. कोणी काय बदलले, का बदलले, ते विचारता येते. काही बिघडले तर ते कोणी बिघडवले हे जेवणाच्या सुट्टीपूर्वी कळते. मुक्तस्रोत प्रकल्पाचे दार उघडले की ही ओळख संपते. आता बदल सुचवणारा दुसऱ्या खंडातला असतो, आपली नोकरी किंवा अभ्यास सांभाळून रात्री काम करतो, आणि एकच दुरुस्ती करून कदाचित कायमचा निघून जातो. त्याची दुरुस्ती तपासणाराही स्वयंसेवकच. या दोघांत विश्वास कशाच्या आधारे निर्माण व्हायचा? माणूस जामीन राहू शकत नसेल, तर काही लिखित गोष्ट जामीन राहिली पाहिजे.

स्वयंचलित चाचणी ही अशी लिखित गोष्ट आहे. मूळ आज्ञावलीच्या शेजारी आणखी एक आज्ञावली लिहायची. ती पहिलीला काही करायला सांगते, आलेले उत्तर अपेक्षित उत्तराशी ताडून पाहते, आणि जुळले नाही तर तक्रार करते. कल्पना जुनीच आहे, पण तिला आजचे सुटसुटीत रूप दिले ते केंट बेक यांनी. स्मॉलटॉक भाषेसाठी त्यांनी रचलेली चाचण्यांची चौकट १९९४ मध्ये प्रसिद्ध झाली. १९९७ मध्ये झुरिकहून अटलांटाकडे परिषदेसाठी जाताना त्यांनी आणि एरिक गामा यांनी विमानातच तिचे जावा भाषेतले रूप लिहायला घेतले, असे सांगितले जाते. त्याच कुळातली ‘युनिटटेस्ट’ नावाची चौकट २००१ साली पायथनच्या २.१ या आवृत्तीत आली. योगायोग असा की त्याच आवृत्तीत चाचण्यांचा एक अगदी वेगळ्या वृत्तीचा प्रकारही दाखल झाला. तो टिम पीटर्स यांचा ‘डॉकटेस्ट’.

डॉकटेस्ट म्हणजे दस्तऐवज आणि चाचणी यांचा संगम. पायथन भाषेत संगणकाशी संवाद साधता येतो : आपण एक ओळ लिहावी, त्याने खाली उत्तर लिहावे. असा संवाद जसाच्या तसा उतरवून घ्यायचा, मध्ये मध्ये साध्या गद्यात दोन वाक्ये स्पष्टीकरणाची घालायची, की झाला पाठ तयार. माणसाने तो वाचला तर त्याला वापर कसा करायचा ते समजते. यंत्राने वाचला तर ते प्रत्येक प्रश्न पुन्हा विचारते आणि आलेले उत्तर छापील उत्तराशी अक्षर न् अक्षर जुळते का ते पाहते. एकाच मजकुराचे दोन वाचक, आणि दोघांसाठी त्याचा अर्थ वेगळा. साहित्याच्या विद्यार्थ्याला या कल्पनेचे आकर्षण वाटले नाही तरच नवल.

जँगोच्या आरंभीच्या चाचण्या या प्रकारच्या होत्या. २००५ पासून त्या लिहिल्या जात होत्या आणि त्यांच्यातूनच प्रकल्पाच्या संकेतस्थळावरील उदाहरणांची पानेही तयार होत. हा मजकूर आम्ही वाङ्मय म्हणून वाचला, आणि तो वाचनीय आहे असे सांगण्यास हरकत नाही. एका प्रकरणात जॉन स्मिथ आणि पॉल जोन्स हे दोन वार्ताहर आहेत. जॉन एक लेख लिहितो. लेखाला विचारले जाते की तुझा वार्ताहर कोण. मग जॉनला विचारले जाते की तुझे लेख किती. मग त्याचा दुसरा लेख येतो, मग पॉलचा लेख, आणि तो लेख एकाकडून काढून दुसऱ्याच्या नावे केला जातो. शेवटी वार्ताहर नाहीसा झाला की त्याच्या लेखांचे काय होते, तेही दिसते. दुसऱ्या प्रकरणात शिकागो शहरातल्या दोन जागा आहेत : ९४४ वेस्ट फुलर्टन या पत्त्यावरील ‘डेमन डॉग्ज’ आणि १०१३ नॉर्थ ॲशलंड येथील ‘एस हार्डवेअर’. पहिली जागा उपाहारगृह आहे, दुसरी नाही. उपाहारगृहाला जागा असते पण प्रत्येक जागा उपाहारगृह नसते, हे एकास-एक संबंधाचे तत्त्व एवढ्यावरून समजावून दिले आहे. ‘डेमन डॉग्ज’ हे शिकागोत खरोखर असलेले हॉटडॉगचे दुकान. ते केव्हाच बंद पडले. जँगोच्या दस्तऐवजात मात्र त्याचा पत्ता अजून शाबूत आहे.

या प्रकरणांना आरंभ आहे, क्रम आहे, आणि पुढे काय होते याची थोडीशी उत्सुकताही आहे. संस्कृत साहित्यशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे तर हे प्रबंध होते : पूर्वापरसंबंधाने बांधलेली रचना, जिच्यात विसाव्या ओळीचा अर्थ पहिल्या एकोणीस ओळींवर अवलंबून असतो.

त्यांच्यातला दोषही नेमका हाच होता. गोष्टीच्या आरंभी जॉन स्मिथ डेटाबेसात नोंदवला गेला नाही, तर पुढची प्रत्येक ओळ कोसळते. यंत्र ज्या पन्नास तक्रारी छापते, त्यांतली खरी एक असते आणि बाकीच्या एकोणपन्नास तिच्या सावल्या. मध्येच एखादा नवा प्रसंग घालायचा तर पुढच्या सगळ्या मोजण्या बदलतात. काल तीन लेख होते, आज चार आहेत. गोष्ट जितकी लांब, तितका तिच्यात हात घालणारा माणूस बिचकतो. दुसरा दोष अक्षरशः ताडून पाहण्याचा. उत्तर अर्थाने बरोबर असूनही त्याचे छापील रूप किंचित बदलले, तरी चाचणी नापास होते.

या दुसऱ्या दोषाचा मोठा अनुभव २००७ मध्ये आला, आणि तो प्रसंग देवनागरीत लिहिणाऱ्या कोणालाही जवळचा वाटावा. तोवर जँगो मजकूर हाताळत असे तो मुख्यतः बाइटांची माळ म्हणून. इंग्रजीत एक अक्षर म्हणजे एक बाइट, त्यामुळे हे खपून जाई. यूटीएफ-८ पद्धतीने देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. ‘मराठी’ हा शब्द युनिकोडच्या हिशेबाने पाच चिन्हांचा आणि बाइटांच्या हिशेबाने पंधरांचा. बाइट मोजणारी आज्ञावली या शब्दाची लांबी पंधरा सांगणार, आणि दहा बाइटांवर कापायला सांगितले तर ‘ठ’च्या पोटातूनच कापणार. मॅल्कम ट्रेडिनिक या ऑस्ट्रेलियन स्वयंसेवकाने जँगोचा सगळा अंतर्भाग युनिकोडावर आणण्याचे काम पुढाकाराने केले. जुलै २००७ मध्ये ते मुख्य शाखेत सामील झाले. जगातल्या बहुसंख्य लिप्यांसाठी ही क्रांतीच होती. पण त्या काळच्या पायथनमध्ये युनिकोड मजकूर पडद्यावर छापताना त्याच्या आधी रोमन ‘यू’ हे अक्षर उमटत असे. त्यामुळे कितीतरी डॉकटेस्टांतली छापील उत्तरे एका अक्षराने चुकीची ठरली आणि हाताने दुरुस्त करावी लागली. आज्ञावली सुधारली होती, आणि तिची साक्ष देणारा मजकूर मात्र तिला खोटे पाडत होता. ट्रेडिनिक २०१३ मध्ये अकाली गेले. त्यांच्या नावाने जँगो सॉफ्टवेअर फाउंडेशन स्मृतिपुरस्कार देते. मराठी संकेतस्थळ जँगोवर उभारणाऱ्याला त्यांचे नाव ठाऊक असण्याची शक्यता कमीच.

याच सुमारास चाचण्यांची शिस्तही आकार घेत होती. ऑस्ट्रेलियातल्याच पर्थचे रसेल कीथ-मॅगी यांनी जँगो वापरणाऱ्यांनाही स्वतःच्या चाचण्या लिहिता याव्यात अशी चौकट उभी केली, आणि मार्च २००७ च्या ०.९६ या आवृत्तीत ती अधिकृतपणे जाहीर झाली. त्या घोषणापत्रात केंट बेक यांची क्षमा मागून म्हटले होते की आता भीतीचे रूपांतर कंटाळ्यात करायला आरंभ करता येईल. विनोद म्हणून ते सोडून देऊ नये. आज्ञावलीत बदल करणाऱ्याचा स्थायीभाव भय हाच असतो : आपण हात लावला आणि भलतीकडेच काही कोसळले तर? चाचण्या असल्या म्हणजे हे भय मावळते आणि त्याच्या जागी एक प्रकारचा संथ, सुरक्षित कंटाळा येतो. तो वाचकाला नकोसा वाटेल. सामुदायिक कामाला मात्र चांगला मानवतो.

शिस्तीचा नियम सोपा होता. दुरुस्ती पाठवायची तर तिच्यासोबत चाचणीही पाठवायची. आणि ती चाचणी अशी हवी की दुरुस्तीवाचून ती नापास व्हावी व दुरुस्तीनंतर पास व्हावी. दोषांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत प्रत्येक तिकिटावर काही खुणा करता येतात : पॅच जोडला आहे, पॅच सुधारायला हवा, दस्तऐवज हवा, चाचण्या हव्यात. यांतली ‘चाचण्या हव्यात’ ही खूण पुष्कळांच्या उत्साहावर पाणी टाकणारी ठरली असणार. नवख्या माणसाला दोष दुरुस्त करायला कधी कधी दोन ओळी पुरतात; तो दोष निर्विवादपणे सिद्ध करणारी चाचणी लिहायची तर डेटाबेसची रचना, जुन्या चाचण्यांची ठेवण, सगळे समजून घ्यावे लागते. पॅच म्हणजे ठिगळ; ठिगळ लावणे सोपे आणि फाटले कुठे होते ते लिहून देणे अवघड, असा हा विपरीत प्रकार. या नियमामुळे काही चांगली माणसे परत गेली असतील हे आम्ही नाकारीत नाही. पण नियम नसता तर भार कोणावर पडला असता? तपासणाऱ्या मूठभर स्वयंसेवकांवर, आणि तेही कायमचा. दुरुस्ती देणारा एकदा येतो, तपासणारा रोज असतो. जो रोज असतो त्याला जपणे, ही त्या नियमामागची व्यावहारिक नीती होती.

नियम पाळायचा तर चाचण्या चालवणे सुसह्य असायला हवे, आणि ते तसे नव्हते. प्रत्येक चाचणीआधी डेटाबेस कोरा करून त्यात नमुन्याच्या नोंदी पुन्हा भरायच्या, ही पद्धत भलती संथ होती. जुलै २००९ मध्ये आलेल्या १.१ या आवृत्तीत यावर एक युक्ती योजण्यात आली. डेटाबेसाला ‘हे सगळे व्यवहार तात्पुरते समज’ असे सांगता येते आणि शेवटी ‘काहीच झाले नाही’ असे म्हणून सर्व मागे घेता येते. प्रत्येक चाचणी अशा एका व्यवहारात गुंडाळली, की ती संपल्यावर पुसापुशी करण्याचे कारणच उरत नाही. अनेक ठिकाणी चाचण्यांचा वेग दहापटींपर्यंत वाढल्याचे त्या आवृत्तीच्या घोषणापत्रात नमूद आहे. ही निव्वळ तांत्रिक सोय नव्हती. रात्री दोन तास मोकळे असलेल्या माणसाचा अर्धा वेळ यंत्राची वाट पाहण्यात गेला, तर तो चाचण्या चालवणे टाळू लागतो. आणि न चालवलेली चाचणी ही न लिहिलेल्या चाचणीपेक्षाही वाईट, कारण तिच्यावर इतरांचा भरवसा असतो.

आता त्या रूपांतराकडे वळू. २०१० मध्ये, १.३ या आवृत्तीच्या तयारीच्या काळात, जँगोच्या संचातल्या जुन्या डॉकटेस्ट मोठ्या प्रमाणावर युनिटटेस्टच्या रूपात पुन्हा लिहिल्या गेल्या. हे काम एखाद्या व्यक्तीच्या आवाक्यातले नव्हते, पण त्याचे वाटप सहज करता येण्याजोगे होते. संच आधीच लहान लहान कप्प्यांत विभागलेला होता. एकेका स्वयंसेवकाने एकेक कप्पा उचलायचा, त्यातली गोष्ट मोडून स्वतंत्र चाचण्या करायच्या, आणि पाठवून द्यायच्या. त्या महिन्यांतल्या नोंदी वाचीत गेले म्हणजे एका ओळीचे आभार आणि त्यापुढे दरवेळी वेगळे नाव, असा क्रम दिसतो. त्यांतली काही नावे पुढेही भेटत राहतात, काही तेवढ्यापुरतीच.

रूपांतर म्हणजे नेमके काय? जॉन स्मिथची गोष्ट आता सलग राहिली नाही. तिच्याऐवजी आठ-दहा छोट्या चाचण्या आल्या आणि प्रत्येकीला स्वतःचे नाव मिळाले. प्रत्येकीच्या आधी जॉन आणि पॉल नव्याने जन्माला घातले जातात, आणि ती संपली की नाहीसे होतात. कोणत्याही चाचणीला दुसरी आधी झाली आहे की नाही याची फिकीर नाही. हे मुक्तक झाले : पूर्वापराची अपेक्षा न ठेवता स्वतःपुरते पूर्ण. एक मोडले तर एकच मोडते, आणि कोणते मोडले ते त्याच्या नावावरून कळते. हजारो लोकांनी, एकमेकांना न विचारता भर घालायची असेल, तर संग्रह मुक्तकांचाच असला पाहिजे. प्रबंधात शेवटी भर घालता येते, किंवा मग सबंध प्रबंध समजून घेऊन मध्ये. मुक्तकसंग्रहात कोणीही, कोठेही एक श्लोक ठेवावा.

गमावले ते वाचन. डॉकटेस्ट नवख्याला हाताला धरून नेत असे. युनिटटेस्टचा सलग पाठ माणसासाठी लिहिलेलाच नसतो. दस्तऐवजातली उदाहरणे राहिली, पण ती आता नुसती उदाहरणे झाली. छापलेले उत्तर अजून खरे आहे की नाही, हे यंत्र आपोआप पाहत नाही. एखाद्या वाचकाच्या लक्षात यावे लागते. नोव्हेंबर २०१३ च्या १.६ या आवृत्तीपासून चाचण्या शोधणाऱ्या यंत्रणेने डॉकटेस्टांची आपोआप दखल घेणेही थांबवले. निर्णय योग्यच होता असे आमचे मत आहे. तरी एकाच मजकुराने शिकवावेही आणि साक्षही द्यावी, ही कल्पना मागे पडली याची रुखरुख वाटते.

अर्थात मुक्तकाचे स्वातंत्र्य दिसते तितके निखळ नसते. अमरूच्या एकेका श्लोकात प्रबंधाइतका रस आहे असे आनंदवर्धनाने म्हटले, ते खरे. पण मानिनी कोण, सखी कोण, नायक कशासाठी पायां पडतो आहे, हे संकेत ठाऊक असलेल्या वाचकालाच तो रस मिळतो. श्लोक स्वतंत्र, संकेत मात्र सर्वांचे सामायिक. चाचण्यांचेही असेच आहे. वरून सुट्या दिसणाऱ्या चाचण्या आतून काही गोष्टी वाटून घेतात : एखादी तात्पुरती साठवण, एखादी बदलून पूर्ववत न केलेली मांडणी, स्मृतीत राहून गेलेली भाषेची निवड. मग अशी स्थिती येते की एक चाचणी एकटी चालवली तर पास होते आणि सगळ्यांबरोबर चालवली तर नापास. दोष तिचा नसतो; तिच्या आधी, कदाचित चार हजार चाचण्यांपूर्वी, कोणीतरी काहीतरी उघडे टाकून गेलेले असते.

अशा गुन्हेगाराला पकडण्यासाठी जँगोच्या संचात खास हत्यारे आहेत. संच निम्मा करायचा, कोणत्या अर्ध्याबरोबर चाचणी बिघडते ते पाहायचे, त्या अर्ध्याचे पुन्हा दोन भाग करायचे, असे करीत करीत एका संशयितापर्यंत यायचे, हे काम यंत्र स्वतः करते. दुसरे हत्यार बिघडणाऱ्या चाचणीची बाकीच्या प्रत्येकीशी एकेक करून जोडी लावून पाहते. २०१५ च्या १.८ आवृत्तीत चाचण्या उलट क्रमाने चालवण्याची सोय आली आणि डिसेंबर २०२१ च्या ४.० आवृत्तीत त्या पत्त्यांसारख्या पिसून वाटेल त्या क्रमाने चालवण्याची. क्रमावर अवलंबून नसल्याचा दावा असेल, तर क्रम मोडून दाखवा, असे हे आव्हान. एका बाबतीत तर याचा थेट उपयोग झाला. डिसेंबर २०१५ च्या १.९ आवृत्तीपासून चाचण्या संगणकाच्या अनेक गाभ्यांवर एकाच वेळी चालवता येऊ लागल्या. गोष्टीची पाने चार जणांना वाटून एकदम वाचायला सांगता येत नाहीत. मुक्तके वाटता येतात.

एवढे होऊनही एक अडचण राहतेच, आणि ती साहित्यशास्त्राने सुटणारी नाही. जँगो पोस्टग्रेस, मायएसक्यूएल, एसक्यूलाइट आणि ओरॅकल अशा निरनिराळ्या डेटाबेसांवर चालते. २०१९ च्या ३.० आवृत्तीपासून मारियाडीबीलाही अधिकृत आधार आहे. पायथनच्याही एकाच वेळी अनेक आवृत्त्या सांभाळाव्या लागतात. या दोहोंचा गुणाकार केला म्हणजे एकच बदल कितीतरी निरनिराळ्या परिस्थितींत तपासायला हवा. स्वयंसेवकाच्या घरच्या संगणकावर बहुधा एसक्यूलाइट असते; ते स्मृतीतच डेटाबेस उभा करते, म्हणून वेगवान. ओरॅकल स्वतःच्या यंत्रावर मांडून बसण्याची हौस थोड्यांनाच. म्हणून हा गुणाकार करणारे सर्व्हर कोणीतरी कायम चालू ठेवावे लागतात. जँगोसाठी हे काम ‘जेनकिन्स’ ही प्रणाली करते आणि तिची व्यवस्था फाउंडेशनकडे आहे. एप्रिल २०१२ मध्ये प्रकल्प गिटहबवर आल्यानंतर येणाऱ्या बदलांचा ओघ वाढला, तसे या यंत्रांचे महत्त्वही वाढत गेले.

आणि इथे स्वयंसेवेच्या मर्यादा उघड होतात. नवे वैशिष्ट्य लिहायला माणसे मिळतात. त्याला नाव असते, घोषणापत्रात उल्लेख असतो. जुनी चाचणी अधूनमधून, कारण नसताना नापास होते ती का, हे शोधायला माणसे मिळत नाहीत. सर्व्हरची जागा भरली, डेटाबेसाची नवी आवृत्ती आली आणि तीस चाचण्या पडल्या, ही कामे कोणाची? त्यांना श्रेय नाही, शेवटही नाही. ग्रंथालयात पुस्तके परत जागेवर लावणाऱ्याचे काम जसे कोणाच्या लक्षात येत नाही, आणि तो आठ दिवस आला नाही की सगळ्यांच्याच लक्षात येते, तसा हा प्रकार. २०१४ मध्ये फाउंडेशनने यावर उपाय म्हणून ‘फेलो’ हे पगारी पद निर्माण केले. टिम ग्रॅहॅम आणि बेर्केर पेक्साग हे पहिले फेलो. आलेली तिकिटे चाळणे, पॅच तपासून सामील करणे, चाचण्यांची यंत्रे चालू ठेवणे, आवृत्त्या वेळेवर काढणे ही त्या पदाची कामे, आणि वेतन देणग्यांतून. हौसेने करण्याची कामे स्वयंसेवकांकडे राहिली, आणि ज्यांना रोज कोणीतरी हजर असावेच लागते त्यांच्यासाठी वेतन ठरले.

२०२० मध्ये प्रकल्पाने आणखी एक पाऊल उचलले. आरंभापासून चालत आलेला ‘गाभा संघ’, म्हणजे मुख्य आज्ञावलीत थेट बदल करण्याचा अधिकार असलेल्या निवडक मंडळींचा गट, औपचारिक ठरावाने विसर्जित करण्यात आला. ते सर्वाधिकार प्रत्यक्षात फारसे वापरलेच जात नव्हते. बहुतेक सगळे बदल, ते कोणाचेही असोत, पॅच, चाचण्या, परीक्षण आणि सामीलीकरण याच वाटेने येत होते. अधिकार माणसांकडून पद्धतीकडे केव्हाच सरकला होता, ठरावाने त्याची नोंद केली एवढेच.

चाचणीसंचावर इतका भार टाकणे योग्य आहे का, असे कोणी विचारील. एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९६९ मध्येच, रोम येथील परिषदेत बजावले होते की चाचण्यांनी दोष आहेत हे दाखवता येते, दोष नाहीत हे कधीच दाखवता येत नाही. जँगोचा संच आज १५ हजारांहून अधिक चाचण्यांचा आहे, आणि त्या सगळ्या पास झाल्या तरी डाइक्स्ट्रांचे वाक्य खोटे ठरत नाही. पण यांतल्या कितीतरी चाचण्या मुळात पूर्णतेचा दावा करण्यासाठी लिहिलेल्याच नाहीत. २०१३ पर्यंत संचात दोन मोठी दालने होती : एकात जुन्या डॉकटेस्टांचे वंशज, आणि दुसऱ्यात ‘प्रतिगमन-चाचण्या’, म्हणजे एकदा सापडलेला दोष पुन्हा येऊ नये म्हणून ठेवलेले पहारे. पुढे ही दालने एकत्र झाली, तरी अशा चाचण्यांपैकी अनेकींच्या माथ्यावर अजूनही तिकिटाचा क्रमांक आहे. तो धरून मागे गेले की दहा-पंधरा वर्षांपूर्वी कोणाच्या तरी संकेतस्थळावर कोणते पान चुकीचे दिसले, त्याने ते कोणत्या शब्दांत कळवले, कोणी त्यावर शंका घेतली, आणि ‘चाचण्या हव्यात’ ही खूण तिकिटावर किती महिने लटकत होती, हे सगळे वाचता येते.